सुर्ल्याच्या सड्यावर धावायला जाण्यापूर्वी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सुर्ल्याला धावायला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी बुटांची चौकशी करतात. मी म्हणेन, आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, डोक्यातून काढून टाका. वाळपईच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सुमारे आठशे मीटरवरचं सुर्ला त्या दिवसांत ढगातच असतं. पाऊस सोसता येतो, धुक्याचं काही करता येत नाही. सड्यावर खुणेला झाड नाही, घर नाही, सगळीकडे तोच काळवंडलेला जांभा आणि तेच गवत. धुकं उतरलं की दहा पावलांवर पुढे गेलेला सोबती दिसेनासा होतो. वझराचा, म्हणजे धबधब्याचा, आवाज दरीत घुमून भलत्याच बाजूने येतो, त्यामुळे कडा कुठे संपतो याचा अंदाज कानावर सोडता येत नाही. जुलै २०२३ मध्ये बुडून मृत्यू झाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी केली होती, तेव्हा पावसाळ्यात नुसतं बघायला जायचं असलं तरी ताजा आदेश विचारून घ्या.

ऑक्टोबरात सडा फुलांनी भरतो आणि मोह होतो, पण तेव्हा दगडावरचं शेवाळ अजून ओलं असतं, झाडीत जळवा असतात आणि दुपारी अंग भाजून निघतं. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून गवत वाळून कोळ होतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे सत्तरीत कोणी विसरलेलं नाही. डोंगरावर धूर दिसला तर त्या दिवशी धावणं रद्द, यात चर्चा नको.

महिना ठरला की परवानगी. सुर्ल्याच्या भोवतालचं बरंच रान १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात येतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. कुठून कुठे जाणार, किती जण, किती वाजता परतणार, हे एका कागदावर लिहून वनखात्याच्या वाळपईच्या कार्यालयात आधीच विचारा. इथे तीन राज्यं एकमेकांना खेटून आहेत. सड्यावर थोडं भरकटलात की विर्डीच्या बाजूला महाराष्ट्र, चोर्ल्याच्या बाजूला कर्नाटक, आणि त्यांचं वनखातं वेगळं. फोनवरच्या नकाशात ह्या सीमा आधीच उतरवून ठेवा, कारण वर रेंजचा भरवसा नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जी वाट धावायची ती आधी चालून बघा, आणि गावातल्या माणसाबरोबर बघा. गुरं राखणाऱ्या एखाद्या काकांना विनंती करा, त्यांच्या सकाळच्या वेळेचा योग्य मोबदला द्या, आणि त्यांच्या मागून निमूट चाला. नकाशावरची रेघ सरळ असते, प्रत्यक्षात रानात शिरल्यावर दर शंभर पावलांवर दोन फाटे. त्यातला एक माणसांचा, दुसरा गुरांचा. गुरांची वाट कमरेच्या वर झाडीने बुजलेली असते, फुटते, पुन्हा मिळते आणि शेवटी पाण्यावर नाहीतर चरणीवर जाऊन संपते. माणसांच्या वाटेवर छातीच्या, डोक्याच्या उंचीला कोयत्याने तोडलेल्या फांद्या दिसतात, चढावर दगडाची कड पायांनी गुळगुळीत झालेली असते. तोडलेली फांदी जवळून बघा: काप पांढरट ओला असेल तर वाट चालू आहे, काळा पडून त्यातून कोंब फुटले असतील तर बरेच दिवस इकडून कोणी गेलेलं नाही. चालताना हे पाच मिनिटांत शिकता येतं. धावताना नजर पायाखाली असते आणि फाटा निसटतो. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून एक फोटो घ्या. येतानाची वाट उलट्या बाजूने वेगळीच दिसते.

वाटांचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा गावाभोवतीच. घरं, शेतांचे गडगे (दगडी कुंपणं), सड्याची आतली बाजू आणि परत. इथे चढउतार सौम्य आहे आणि चुकलात तरी माणसांचा आवाज ऐकू येतो. मग सड्याच्या कडेकडेने, पण कड्यापासून चांगलं अंतर राखून. जांभा वरून अखंड दिसतो, खालून पाण्याने पोखरलेला असू शकतो. ह्यानंतरच चढाचा सराव, आणि तो सड्यावर नको, खाली केरीला करा. अंजुणे धरणाच्या परिसरात पहाटे दम वाढवायला छान चढणी आहेत, मोर्लेगडही त्या कामाला बरा. चोर्ला घाटाच्या डांबरी रस्त्यावर मात्र धावू नका. बेळगावचे ट्रक, आंधळी वळणं, कडेला पाय ठेवायला जागा नाही. घाटावरून खाली उतरणाऱ्या जुन्या वाटा वाटाड्याशिवाय धरू नका, आणि सोनसोगडाला जायचंच तर चालत जा. गोव्याचं सर्वांत उंच टोक घड्याळ लावून गाठायची जागा नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

बूट: तळाला खोल खाचा आणि मऊ रबर. सुका जांभा कातरतो, ओला निसरतो, आणि पानगळीखाली दोन्ही असतात. नवे बूट घेऊन वर जाऊ नका, आधी पंधरा दिवस घालून फिरा. मोजे पोटरीपर्यंतचे घ्या, आणि जाड विणीचे टाळा, कारण डिसेंबरातलं कुसळ त्यात शिरलं की टोचत टोचत आत जातं आणि धावताना काढता येत नाही. पाठीवरच्या पिशवीत तासाला अर्धा ते पाऊण लिटर ह्या हिशेबाने पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची चिक्की, शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, क्रेप बँडेज आणि भरलेली पॉवर बँक. ओढ्यावर पाणी मिळेल ह्या आशेवर राहू नका. जानेवारीनंतर सड्यावरचे ओहोळ आटतात, आणि जे उरतं ते गुरांचं असतं.

जनावरांची भीती बाळगू नका, भान बाळगा. गवे पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर येतात. दिसला तर थांबा, नजर रोखू नका, हळूहळू मागे व्हा. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावली गावात चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा हे वाघांचंही रान आहे हे सगळ्या गोव्याला कळलं. एकट्याने धावू नका, कानात गाणी लावू नका. कड्यांना आग्या माशांची पोळी असतात, तिथे अत्तर नको, आरडाओरडा नको, ड्रोन तर मुळीच नको. चढताना आधाराला फांदी धरण्याआधी ती बघा: चापडा हा विषारी साप बुटक्या फांदीवर पानासारखाच बसून राहतो. आपल्याकडचं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालवू नका, धीर द्या, १०८ ला फोन लावा. म्हणूनच रेंज कुठल्या टेपावर मिळते हे पहिल्या फेरीतच बघून नकाशावर खूण करा.

गोचिडीकडे बहुतेक धावणारे दुर्लक्ष करतात, म्हणून मुद्दाम लिहितो. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचीड चावल्याने होतो आणि त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमके आपल्या हंगामातले. विश्रांतीला पाचोळ्यावर बसू नका, उघड्या दगडावर बसा. पायांना गोचीड दूर ठेवणारं मलम लावा. माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

आदल्या रात्री लवकर जेवा. पहाटे उकड्या तांदळाची पेज आणि चिमूटभर मीठ, ह्याच्याइतकं पोटाला हलकं आणि तासन्‌तास पुरणारं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही. अंधारात सुरुवात करू नका. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि घाटाखालच्या दरीत ऊन त्यानंतर बऱ्याच वेळाने उतरतं. संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. म्हणून परतायची वेळ आधी ठरवा, अकरा म्हणजे अकरा, मग टोक शंभर मीटरवर राहिलेलं असलं तरी. ती वेळ गावात एकाला आणि घरी एकाला सांगून ठेवा. शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) दिवसांत जाणार असाल तर देवळाकडे, मांडावर म्हणजे गावाच्या उत्सवाच्या जागेवर काय चाललं आहे हे आधी विचारा. काही दिवशी गावाबाहेरच्या माणसाने ठरावीक वाटेवर न फिरणं गावाला हवं असतं, आणि देवराईत तर कधीच धावत शिरू नका. बूट काढून हात जोडा आणि वळसा घालून जा.

खाली उतरलात की ज्याला सांगून गेला होतात त्याला आधी फोन करा, मग पाव-भाजी खा. घरी गरम पाण्याने आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागचा भाग नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, रॉकेल किंवा तेल लावत बसू नका. कपडे उकळत्या पाण्यात घाला. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर घरी गोळी घेऊन वाट बघू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात जाऊन आलो आहे, आणि कुठल्या तारखेला.