'द बुक थीफ' पोथीसारखी कशी लावायची

श्रावणात आमच्याकडं, लातूर जिल्ह्यात औशाच्या बाजूला, पोथी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बायका वाती वळत ऐकतात. मागच्या वर्षी पोथी संपली अन् मी त्याच ओसरीवर, त्याच टायमाला मार्कस झुसाकची 'द बुक थीफ' लावली, 2005 ची इंग्रजी कादंबरी. पाचशेच्या वर पानं बघून घाबरू नका, दहा भाग आहेत, एका भागाला तीन दिवस धरले की महिन्यात होते.

रोज आधी एकट्यानं दोन-तीन प्रकरणं पुढं वाचून ठेवा. मग थोडं इंग्रजी वाचायचं अन् लगेच मराठीत सांगायचं, शब्दाला शब्द जुळवत बसलात तर लोकं घोरायला लागतात. खरी पंचाईत पहिल्याच पानावर होते, गोष्ट सांगणारा साक्षात मृत्यू आहे. मी 'यम' म्हणलो तर आजी म्हणे, "मग रेडा कुठं ठिवला?" तसा तो न्हाईच, दमलेला, काम करून वैतागलेला गडी वाटतो, म्हणून सरळ 'मरण' म्हणा. कोण जाणार हे तो आधीच सांगून टाकतो, ते लपवू नका, पोथीचा शेवट तरी कुणाला माहीत नसतो?

गोष्ट हिटलरच्या टायमाच्या जर्मनीतली, लीझेल नावाच्या पोरीची. तिला नीट वाचता येत नसतं अन् तिला सांभाळणारा हान्स, रंगारी माणूस, रात्री पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूवर अक्षरं काढून शिकवतो. इथं पॉलिश पेपरचा एक तुकडा पोरांच्या हातात द्याच.

तळघरात लपलेला ज्यू मॅक्स हिटलरच्याच पुस्तकाची पानं पांढऱ्या रंगानं रंगवून त्यावर लीझेलसाठी गोष्ट लिहितो, ते पोरांकडून करून घ्या. पेपरच्या पानाला पातळ डिस्टेंपर मारा, दोरीवर वाळवा, वर स्केचपेननं लिहा. माझ्या भाचीनं मांजराची गोष्ट लिहिली अन् खालून सोयाबीनचे भाव दिसायलेत! तेव्हाच सांगून टाका की पुस्तकं जाळणं कादंबरीतलंच न्हाई, 10 मे 1933 ला बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनी खरोखर होळी केली होती.

तळघर म्हणजे काय हे मात्र मला नीट सांगता येईना. आजीनं वात खाली ठिवली. म्हणली, "पेवच की रं." रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांच्या टायमाला, 1948 मध्ये पोलीस ॲक्शन होऊन भारताचं सैन्य यायच्या आधी, ती सात-आठ वर्षांची होती अन् तिच्या आईनं तिला ज्वारीच्या रिकाम्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरवलं होतं, वर पेंढ्या टाकून. आत ज्वारीचा आंबूस वास, अन् वर कुणाचे तरी बूट. हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

असं झालं की पान दुमडून पुस्तक बाजूला ठेवा. त्या रात्री आम्ही अकरापर्यंत बसलो, तीन दिवसांचा हिशोब तिथंच बोंबलला.