जॉर्जियातील पहिल्या उन्हाळ्यात पीच कॉबलर

जॉर्जियात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी घरी पीच कॉबलर करायला शिकून घ्यावे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील हा फळे आणि पीठ एकत्र भाजून केलेला घरगुती गोड पदार्थ सरसरीत पिठाच्या पद्धतीने केल्यास त्यात अंडे लागत नाही. त्यामुळे शाकाहारी घरातही तो निःशंकपणे करता येतो आणि शेजाऱ्यांच्या पॉटलकलाही, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणालाही, नेता येतो. विकतच्या कॉबलरच्या आवरणात मात्र लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

चव ठरते ती फळावर. साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथले पीच बाजारात असतात. हंगामाच्या आरंभीच्या फळांचा गर कोयीला घट्ट चिकटलेला असतो, तर पुढे येणाऱ्या फळांची कोय सहज सुटते. कॉबलरसाठी हीच फळे घ्यावीत. जॉर्जियातल्याच मार्शलव्हिल येथील सॅम्युएल रम्फ यांनी १८७०च्या दशकात एल्बर्टा ही जात पुढे आणली आणि जॉर्जियाच्या पीचचे नाव दूरवर पोहोचले. फळ निवडताना लालीवर जाऊ नये. देठाजवळचा हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आली आहे आणि वास सुटला आहे, हे पाहावे.

अनेक मराठी घरांत ओव्हनमध्ये कढया आणि तवे ठेवलेले असतात. ते आधी बाहेर काढून ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअसवर, तापवावा. सोललेल्या पीचच्या ४ कप फोडी अर्धा कप साखर घालून रस सुटेपर्यंत शिजवाव्यात. इथला कप २४० मिलिलिटरचा असतो. एक कप सेल्फ-रायझिंग फ्लोअर (बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा), पाऊण कप साखर आणि एक कप दूध एकत्र करावे; साधा मैदा असल्यास त्यात दीड छोटा चमचा (टीस्पून) बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा मीठ मिसळावे. मोठ्या बेकिंग डिशमध्ये ११३ ग्रॅम लोणी वितळवून त्यावर हे पीठ ओतावे आणि वर रसासह फोडी पसराव्यात.

यानंतर काहीही ढवळू नये, कारण या पद्धतीचे सारे मर्म त्यातच आहे: भाजताना पीठ फुगून फळांच्या वर येते, कडा लोण्यात कुरकुरीत होतात आणि मधला भाग मऊ राहतो, ढवळल्यास मात्र हे थर मोडून सगळा गिचका होतो. वेलदोड्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, तरी माझ्या मते पहिल्या वेळी किंचित दालचिनी आणि जायफळच घालावे, म्हणजे इथली मूळ चव कळेल.

साधारण ४५ ते ५० मिनिटांत वरचा भाग सोनेरी होतो. काचेची गरम डिश ओल्या ओट्यावर ठेवू नये, ती तडकू शकते. कॉबलर १५ मिनिटे निवू द्यावे आणि कोमट असतानाच व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर वाढावे. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करावे, कारण मायक्रोवेव्हमध्ये त्याच्या कडा मऊ पडतात.