जुन्या मोटारीचे तडकलेले स्टिअरिंग व्हील दुरुस्त कसे करावे

जुन्या मोटारीच्या स्टिअरिंग व्हीलला पडलेली भेग वरवरची दिसते, पण ती बहुधा आतल्या पोलादापर्यंत पोचलेली असते. अशा व्हीलच्या गाभ्यात पोलादी सळईचे कडे असते आणि त्यावर कठीण रबराचे किंवा त्या काळच्या प्लास्टिकचे आवरण साच्यात घालून चढवलेले असते. ऊन आणि वय यांनी हे आवरण आक्रसते, आतले पोलाद मात्र आहे तेवढेच राहते, आणि तो ताण सहन न होऊन आवरण तडकते. आरे जिथे कड्याला मिळतात तिथे भेगा सर्वांत जास्त सापडतात. भेगेतून ओल आत गेली की पोलाद गंजते, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि भेग आतूनच रुंदावत जाते. मी दुरुस्त केलेल्या पहिल्या व्हीलवर भेगांच्या तोंडाशी लांबी, म्हणजे खाचा बुजवायची पुट्टी, भरून वर रंग दिला होता. त्याच जागी, त्याच रेघा पुन्हा उमटल्या. तेव्हापासून मी भेग भरण्यापेक्षा ती उघडण्यावर जास्त वेळ घालवतो.

काम हाती घेण्याआधी व्हील दुरुस्त करण्याजोगे आहे का, हे पाहावे. कडे वाकलेले असेल, आरे मधल्या हबपाशी हलत असतील किंवा पोलादालाच चीर गेलेली असेल, तर ते व्हील मोटारीवर पुन्हा बसवू नये. भराव केवळ आवरणाची जागा घेतो, पोलादाची ताकद तो परत आणू शकत नाही.

व्हील काढताना आधी बॅटरीची तार सोडवावी, कारण हॉर्नची जोडणी याच हबमध्ये असते. पुढची चाके सरळ ठेवावीत, हॉर्नचे बटण, स्प्रिंग आणि चकत्या ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून त्यांचा फोटो काढावा आणि हब व शाफ्ट (व्हील ज्यावर बसते तो दांडा) या दोहोंवर मिळून एक खूण करावी. मुख्य नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवावा आणि मग पुलर, म्हणजे व्हील ओढून काढायचे साधन, लावावा, म्हणजे घट्ट बसलेले व्हील एकदम सुटून तोंडावर येत नाही. शाफ्टच्या टोकावर हातोडा कधीही मारू नये. त्याने आटे बिघडतात आणि धक्का शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत, म्हणजे चाके वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, जातो.

पुढची पायरी स्वच्छतेची. वर्षानुवर्षांचा घाम, तेल आणि पॉलिश यांचा थर साबणाचे कोमट पाणी आणि जुना टूथब्रश यांनी काढावा, व्हील पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतर मेण व तेल काढणाऱ्या द्रवाने पुसावे. मात्र कोणताही द्रव आधी हबच्या मागे, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावा. सेल्युलोजपासून बनवलेली जुनी आवरणे अ‍ॅसिटोनने विरघळतात, आणि थिनरमध्येही बऱ्याचदा अ‍ॅसिटोन असते.

आता भेग उघडायची. हॅक्सॉचे पाते किंवा तिकोनी कानस घेऊन भेगेच्या दोन्ही कडा तासाव्यात, म्हणजे वर सुमारे पाच मिलिमीटर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी खाच तयार होते. पोलाद चमकेपर्यंत खाली जावे. बारीक, केसासारख्या भेगांनाही सूट देऊ नये, कारण पुढे रंगातून सर्वांत आधी त्याच डोकावतात. आवरण आतून पोलादापासून सुटले आहे का, हे बोटाने टिचकी मारून कळते: घट्ट जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ भाग निर्दयपणे कापून काढावा. उघड्या पोलादावरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, खाचेच्या भिंती ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत कराव्यात आणि शेवटी सगळी धूळ पुसून घ्यावी. हे करताना मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते.

भरावासाठी दोन भागांची, म्हणजे दोन्ही भाग एकत्र मळल्यावर कडक होणारी, इपॉक्सी लांबी घ्यावी. पत्र्यावर वापरतात ती पॉलिस्टर लांबी लवकर वाळते आणि घासायला सोपी असते, पण ती ठिसूळ असल्यामुळे हातात सतत पिळवटणाऱ्या कड्यावर टिकत नाही. इपॉक्सीचे दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्यावेत आणि रंगातल्या रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत मळावेत. अर्धवट मळलेला गोळा कधीच कडक होत नाही. पहिला थर बारीक घेऊन पोलादावर आणि खाचेच्या कोपऱ्यांत दाबून घासावा, जेणेकरून खाली हवा अडकणार नाही. त्यानंतर उरलेली खाच भरून भराव आवरणापेक्षा दोन मिलिमीटर वर ठेवावा. चोवीस तास तरी त्याला हात लावू नये.

आकार देणे हे या कामातले सर्वांत रमवणारे आणि सर्वांत फसवे काम आहे. जास्तीचा भराव आधी अर्धगोल कानशीने उतरवावा आणि मग ८०, १२०, १८०, ३२० असे पेपर बदलत जावे. पेपर बोटांखाली धरून घासला तर मऊ जुने आवरण जास्त झिजते आणि कडक भराव उंचवट्यासारखा राहतो, म्हणून पेपर रबराच्या तुकड्यावर गुंडाळावा. कड्याच्या मागच्या बाजूला बोटांसाठी लाटा असतील तर त्यांच्या गोलाईएवढ्या जाडीच्या लाकडी दांडीवर पेपर गुंडाळून एकेक लाट वेगळी घडवावी. लागून असलेली शाबूत लाट हाच नमुना. डोळे मिटून कड्यावरून बोटे फिरवावीत: नजरेला न दिसणारी पायरी तर्जनीला लगेच जाणवते.

आकार मनाजोगता झाला की इपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन पातळ हात द्यावेत. प्रायमर वाळताच सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात. ती पुन्हा इपॉक्सीने भरून, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून पुन्हा प्रायमर द्यावा. मला हा फेरा बहुधा तीनदा करावा लागतो. वरचा रंग दोन भागांचा युरेथेन असावा, कारण तो हाताच्या घामाला टिकतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या भागात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा यांची सोय नसेल, तर हा एक टप्पा रंगाच्या कार्यशाळेत करून घ्यावा.

रंग पूर्ण कडक व्हायला उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावा. मग खूण जुळवून व्हील बसवावे आणि नट मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावा. बॅटरी जोडून मोटार उभी असतानाच व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि प्रत्येक ठिकाणी हॉर्न वाजतो का, आपोआप वाजत तर नाही ना, हे पाहावे. पहिल्या छोट्या फेरीनंतर नट पुन्हा एकदा तपासावा.