शाखेला माणसं जोडायची, मग पैसा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखेचा हिशेब सांभाळते. नवी शाखा काढणारे फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, सभासद फॉर्म कुठे मिळतील? फॉर्म मिळतील. आधी चमत्कार सादरीकरणाचा कार्यक्रम लावा.

शाळेचं पटांगण किंवा समाजमंदिर, संध्याकाळची वेळ. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा आधीच लपवलेला असतो. प्रेक्षकांतल्याच कुणाला तरी मंतरलेलं म्हणून साधं पाणी शिंपडायला सांगायचं. नारळ पेटतो, बायका दचकून मागे सरकतात. तिथेच थांबून उलगडा करा: सोडियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो, उष्णता होते आणि तो पेट घेतो. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, ओल्या हाताने धरायचा नाही आणि नारळ पेटताना लोक लांब ठेवायचे. हा प्रयोग सरावलेल्या कार्यकर्त्यानेच करावा. ‘आमच्या गल्लीत एकाने असाच नारळ पेटवून करणी दाखवली होती,’ असं म्हणत कुणीतरी पुढे येतं. शाखेचा पहिला माणूस हाच. त्याचं नाव आणि नंबर तिथल्या तिथे वहीत घ्या.

दोन दिवसांच्या आत त्याला फोन करा, पण वर्गणीसाठी नको. काम सांगा, तेही वेळ आणि जागा ठरवून. गणेश विसर्जनाला नदीकाठी निर्माल्य गोळा करायला उभं राहणं हे त्यासाठी सगळ्यांत चांगलं काम. ‘जमेल तेव्हा या’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘अनंत चतुर्दशीला चार ते सात, घाटाच्या डाव्या पायऱ्यांवर, तुमच्याबरोबर आमच्या पाटीलबाई असतील’ म्हटलं की माणूस येतो. तीन तास पाण्यात उभा राहिलेला माणूस पावती स्वतःहून मागतो.

महिन्याची बैठक रात्री आठला ठेवू नका. त्या वेळेला बायका स्वयंपाकघरात असतात आणि मग शाखेत फक्त पुरुष उरतात. रविवारी दुपारी चारला ठेवा, मुलांना घेऊन आलं तरी चालेल असं सांगा. भानामतीची किंवा जटांची तक्रार घेऊन येणारी बाई पुरुषांच्या घोळक्यापुढे बोलत नाही, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘कायदा झाला की २०१३ मध्ये, आता शाखा कशाला?’ असं विचारणारे भेटतील. त्यांना सांगा, जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, पण घाबरलेल्या घरातल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढायला गावातलंच कुणीतरी लागतं.

आता पैशाचं. ‘संस्थेला मदत करा’ म्हटलं की लोक पन्नास रुपये देऊन वाटेला लावतात. ‘पुढच्या महिन्यात तीन शाळांत कार्यक्रम आहेत, साहित्य आणि गाडीभाडं उभं करायचंय’ असं सांगा, कागदावर आकडा लिहून दाखवा. समितीच्या वार्तापत्राचे वर्गणीदार करा. मासिक घरात येत राहिलं की नातं टिकतं. त्यातल्या जाहिरातीसाठी दुकानदाराकडे दुपारी दोननंतर जा, गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्याला ऐकायला वेळ नसतो. एका मोठ्या देणगीदारापेक्षा शंभर रुपये देणारी पन्नास घरं मला जवळची वाटतात, कारण उद्या त्या मोठ्या माणसाच्या आवडत्या बुवाविरुद्ध तक्रार आली तर आपली जीभ जड व्हायला नको. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराचे पैसे घेऊ नका.

आणि जिची जट आपण काढली, जिच्या घरातली भीती घालवली, तिच्याकडून एक रुपयाही मागू नका. तिने आग्रह केला तरी त्या दिवशी घेऊ नका. बुवा काम झालं की दक्षिणा घेतो. आपल्यातला आणि त्याच्यातला फरक तिला तिथेच दिसायला हवा.

पावतीपुस्तक मध्यवर्ती संस्थेचंच वापरा, वेगळं छापू नका. प्रत्येक पावतीची स्थळप्रत जपा, रद्द झालेली पावतीही फाडून टाकू नका. करसवलतीची पावती हवी असेल तर मध्यवर्ती कार्यालयाला विचारून मगच कबूल करा. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतली देणगी परदेशी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती स्वीकारता येत नाही, मग तो आपल्या गल्लीत वाढलेला का असेना.

दर बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचा, चहाच्या खर्चासकट. वाचून झालं की वही गोलात फिरवा आणि नव्याने आलेल्याच्या हातात सगळ्यांत आधी द्या.