स्टँडवरच्या पोस्टरपासून सुरुवात: आठवी ते दहावीच्या मुलांशी लैंगिक आरोग्यावर कसं बोलावं

सांगली, मिरज, तासगाव, जत, विटा, कुठल्याही गावची मुलं घ्या, त्यांच्याकडे माहिती नाही असं अजिबात नाही. माहिती भरपूर आहे, फक्त ती विकणाऱ्याने दिलेली आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेलं ‘गुप्तरोग’वाल्याचं पोस्टर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली छोटी जाहिरात, रील्सवरचा स्वयंघोषित डॉक्टर आणि मित्राच्या मोबाइलवरचे ‘तसले व्हिडिओ’, हाच त्यांचा अभ्यासक्रम. म्हणून पहिला तास शरीराच्या तक्त्याने सुरू करू नका. तक्ता लावला की माना खाली जातात, मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. पोस्टर समोर ठेवलं की नजर स्वतःच्या शरीरावरून उठते आणि ते पोस्टर लावणाऱ्यावर जाते. मुलं मोकळेपणी बोलायला लागतात ती इथून.

आधी परवानगी आणि पालक

मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. त्यात दहावीच्या विज्ञान भाग २ मधल्या ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ या पाठाचा उल्लेख करा. प्रजनन, मासिक पाळी आणि लैंगिक आजार तिथे आहेतच, त्यामुळे ‘हे अभ्यासक्रमाबाहेरचं’ या आक्षेपाला जागा उरत नाही. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायची आहे, तिच्या बैठकीत विषय मांडून नोंद करून घ्या. पालकसभा मात्र टाळू नका. गळीत हंगामात दुपारची सभा ठेवली तर पाच जण येतील, संध्याकाळी सातनंतर देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. मुलांना दाखवणार तेच कागद, त्याच क्रमाने पालकांना दाखवा. अर्धवट ऐकून आलेला पालकच भांडतो. पोस्टर बघितलेला बाप बहुतेक वेळा म्हणतो, ‘हे आमच्या वेळीही होतं की ओ.’

गट २० ते २५ जणांचा असावा. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत काही होत नाही, जोड तासिका मागून घ्या. असे पाच तास पुरतात. जाहिरातीचा तास मुलामुलींचा एकत्र घ्या, शरीराच्या प्रश्नांचा वेगवेगळा आणि फोटो-व्हिडिओंचा पुन्हा एकत्र. सगळंच वेगळं घेतलं तर मुलांना पाळी कळत नाही आणि मुलींना मुलांचं शरीर कळत नाही.

जाहिरात कशी उलगडायची

आठ-दहा जाहिराती गोळा करा: भिंतीवरच्या पोस्टरचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, सॅनिटरी पॅड आणि ‘इंटिमेट वॉश’ची खोकी. फोन नंबर आणि डॉक्टरचं नाव काळ्या मार्करने झाका, नाहीतर तुम्हीच त्याची जाहिरात केल्यासारखं होतं. ए-फोर आकारात छापा, चार मुलांत एक कागद द्या, सोबत एक लाल आणि एक निळा पेन.

समजा मजकूर या धर्तीचा आहे: ‘लग्नाआधी एकदा भेटा. बालपणीच्या चुकांमुळे आलेली कमजोरी, स्वप्नदोष, लहानपणा. खात्रीशीर इलाज. दर बुधवारी, स्टँडसमोरच्या लॉजवर.’ भीती किंवा लाज वाटायला लावणाऱ्या शब्दांखाली लाल रेघ, वचन देणाऱ्या शब्दांखाली निळी. मग फळ्यावर चार प्रश्न लिहा. हे कुणी केलं? वाचून मला काय वाटावं असं त्याला वाटतं? पैसे कुणाकडे जातात? काय सांगितलेलं नाही? चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. वैद्यकीय नोंदणी क्रमांक नाही, पदवी नाही, कायमचा पत्ता नाही, औषधाचं नाव नाही, गुण आला नाही तर परत कुठे यायचं तेही नाही. बुधवारी आलेला माणूस गुरुवारी कुठे असतो, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

शरीराची माहिती यानंतर द्यायची, जाहिरातीतल्या एकेका दाव्याला जोडून. झोपेत वीर्य बाहेर येणं वयात येताना नैसर्गिक आहे, त्यावर औषध लागत नाही. वीर्य रक्तापासून बनत नाही. त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतला द्रव असतो, एका वेळी साधारण १.५ ते ५ मिलिलिटर. शुक्रपेशी वृषणात सतत तयार होत राहतात, त्यामुळे ‘साठा संपतो’ हे खरं नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. ताठ लिंगाची सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर असते, आणि शिथिल असताना कमी दिसणाऱ्याची ताठरल्यावर कमीच राहील असं नाही. हे आकडे सांगितले की वर्गात जी शांतता पसरते, ती भीती उतरल्याची असते. सोबत कायदाही सांगा: १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करता येत नाही. म्हणजे आपल्या स्टँडवर उघड लावलेला कागद मुळातच बेकायदा आहे.

इथे फसतं ते असं: शिक्षक पहिल्या पाच मिनिटांत ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणून मोकळे होतात. मग मुलं पोस्टरवाल्याऐवजी शिक्षकावर विश्वास ठेवतात, आणि उद्या नवा पोस्टरवाला भेटला की त्याच्यावर. निष्कर्ष त्यांच्या तोंडून येऊ द्या. एखादा हमखास विचारतो, ‘मग आमच्या काकांना गुण कसा आला, सर?’ त्याला गप्प करू नका. मुळात आजार नसताना भीती गेली तरी बरं वाटतं. शिवाय अशा काही पुड्यांत व्हायग्रातलं औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि रक्तदाब किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. काकांची थट्टा होणार नाही एवढं बघा.

पॅडच्या जाहिरातीला हेच चार प्रश्न लावा. द्रव निळा का? पोरगी पांढरी पँट घालून उड्याच का मारते? पोटात दुखणं कुठे गेलं? इथे सांगायचं असं: पहिल्या काही वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असू शकतं, रक्तस्राव २ ते ७ दिवस चालतो. पॅड साधारण ४ ते ६ तासांनी बदलावा. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा पंधरा वर्षांपर्यंत पाळीच आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. अंगावरून थोडं पांढरं जाणं नेहमीचं आहे. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारख्या गाठी असतील तर उपचार लागतात. योनीचा आतला भाग स्वतःच स्वच्छ राहतो, बाहेरून साधं पाणी पुरे, सुगंधी वॉशची गरज नाही.

नववी-दहावीत तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची जाहिरातही घ्या. ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. ती बीज बाहेर पडणं लांबवते, आधीच राहिलेला गर्भ पाडत नाही आणि एचआयव्ही किंवा इतर संसर्गांपासून वाचवत नाही. जाहिरातीत यातलं किती येतं ते मुलांनाच मोजू द्या. आणखी एक प्रश्न वर्गात चांगला रंगतो. डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या सूचनेनुसार निरोधच्या उत्तान जाहिराती टीव्हीवर रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवायच्या आहेत, पण गुटख्याच्या ब्रँडच्या नावाची ‘इलायची’ दिवसभर दिसते. असं का असावं? उत्तर तुम्ही देऊ नका.

‘तसले व्हिडिओ’

एकही दृश्य, एकही स्क्रीनशॉट दाखवायचा नाही. अल्पवयीन मुलाला असं काही दाखवणं हा गुन्हा आहे, हेतू शिकवण्याचा असला तरी ती जोखीम घेऊ नका. दाखवायची गरजही नाही. मुलांना एवढंच सांगा: पिक्चरमध्ये हिरो दहा जणांना उडवतो ते बघून कुणी चौकात मारामारीला उतरत नाही, कारण ती बसवलेली फाइट असते हे ठाऊक असतं. हेही तसंच बसवलेलं असतं. मग वहीत ‘काय दाखवत नाहीत’ अशी यादी करायला लावा. परवानगी विचारणं, नाही म्हटल्यावर थांबणं, निरोध, मध्ये कापलेलं चित्रण, मेकअप, औषधं, नंतरची काळजी. या यादीतून संमतीचा विषय आपोआप येतो. तेव्हा कायदा स्पष्ट सांगा: १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ नुसार संमती धरली जात नाही, दोघांचं प्रेम असलं तरी. दरडावून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

फोटोवरून धमकी आली तर काय करायचं, हे प्रत्येक मुलाच्या वहीत असायला हवं. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. समोरच्याचा आयडी, लिंक आणि धमकीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, मग ब्लॉक. एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. अठरा वर्षांखालच्या वयातला नग्न फोटो पसरू नये यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो.

शिक्षकांसाठी याहून महत्त्वाचं: तो फोटो ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या मोबाइलवर मागवू नका आणि स्टाफच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. अल्पवयीन मुलांची अशी चित्रं बाळगणं आणि पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. मुलीला मदत करायला निघालेला माणूस त्यात अडकू शकतो, आणि तिची बदनामी दुप्पट होते ती वेगळीच.

चिठ्ठ्यांचा डबा

प्रत्येक तासाच्या शेवटी सगळ्यांना एकाच आकाराचा कागद द्या, ए-फोरचे आठ तुकडे केले की पुरे. सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर ‘मला प्रश्न नाही’ असं तीन वेळा. ज्याला प्रश्न आहे तोच लिहीत बसला की बाकीचे त्याच्याकडे बघतात, म्हणून ही खबरदारी. चिठ्ठ्या तिथेच उघडू नका. घरी वाचा, उत्तरं तपासा, पुढच्या तासाला द्या. अक्षर ओळखू आलं तरी त्या मुलाकडे बघायचं नाही. गावठी शब्दांत विचारलेला प्रश्न रागावून बाजूला ठेवू नका, त्याला तेवढेच शब्द ठाऊक असतात.

पहिल्याच तासाला एक गोष्ट उघडपणे सांगून ठेवा: ‘तुम्हाला कुणी त्रास देतंय असं कळलं तर मी ते गुपित ठेवू शकणार नाही, मला मदत बोलवावी लागेल.’ पॉक्सोच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मूल बोललं तर खोदून विचारू नका, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस’ एवढं म्हणा, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहा आणि पोलिसांना कळवा, सोबतीला १०९८ आहेच. शाळेची अब्रू, गावातली नाती, आपसात मिटवू, यातलं काहीही त्या मुलाच्या आड येऊ देऊ नका.

तब्येतीच्या शंकांसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक दाखवून द्या, आणि जमलं तर तिथल्या समुपदेशक ताईंना चौथ्या तासाला बोलवा. ओळखीचा चेहरा असला की मुलं एकटी जातात. एचआयव्हीबद्दल १०९७ वर मराठीतही बोलता येतं.

शिकवलेलं उतरलं का, हे तीन आठवड्यांनी बघा. न पाहिलेली नवी जाहिरात किंवा रीलचा लिहून काढलेला मजकूर द्या आणि दहा मिनिटं द्या. कागदावर नुसतं ‘खोटं आहे’ आलं तर चार प्रश्नांचा तास पुन्हा घ्या. ‘नोंदणी क्रमांक कुठाय?’, ‘हा नक्की काय विकतोय?’ असं काही आलं तर पुढच्या तासाला जाहिराती तुम्ही आणू नका, मुलांना आणायला सांगा.