सीपीयू चाळीस टक्के, तरी आवाज तुटतोय: टेलिफोनी मीडियाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

हल्ली या कामात येणारी बहुतेक मुलं व्हॉइसबॉटच्या (फोनवर बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वाटेने येतात. पायथन येतं, वेबसॉकेट येतं, एसआयपीचा इनव्हाइट (कॉल लावण्याचा निरोप) कुठून निघतो आणि एसडीपीत (आवाज कुठे आणि कोणत्या रूपात पाठवायचा त्या तपशिलात) काय असतं हेही ठाऊक असतं. तेवढं धरून चालते. मी लिहितेय ते कॉल लागल्यानंतरच्या भागाबद्दल. जो आवाज वाहतो त्याचं मिक्सिंग, रेकॉर्डिंग, कोडेक (आवाज आकड्यांत बांधण्याची पद्धत) बदलणं हे सगळं साध्या इंटेल-एएमडीच्या सर्व्हरवर करताना काय होतं, त्याबद्दल. या भागाने मला पुष्कळ रडवलंय. अजूनही मोठं कॅम्पेन (एकदम पुष्कळ फोन लावण्याची मोहीम) सुरू होण्याच्या आदल्या रात्री मला धड झोप लागत नाही.

पूर्वी हे काम सर्व्हरच्या सीपीयूकडे नसायचंच. डीएसपी (सिग्नलवर काम करण्यासाठीच बनवलेल्या) चिपा बसवलेली महागडी कार्डं यायची आणि आवाजाचं सगळं त्या चिपा बघायच्या. झपाटा टेलिफोनी प्रकल्पात जिम डिक्सन यांनी हे उलटं करून दाखवलं. कार्डावर टी-१ (डिजिटल फोन) लाइन जोडण्यापुरतं हार्डवेअर ठेवायचं आणि बाकीचं सिग्नल प्रोसेसिंग पीसीच्या सीपीयूकडून करून घ्यायचं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरला, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कला ही कल्पना जाऊन मिळाली आणि लाखांचं एक्स्चेंज साध्या मशीनवर आलं. आज तर कार्डही गेलं, एसआयपी ट्रंक (नेटवर्कवरून येणारी फोन लाइन) आली. हे फार मोठं झालं यात शंका नाही. पण कार्डावर प्रत्येक चॅनेलसाठी वेळ राखून ठेवलेली असायची. साध्या सर्व्हरवर ती कोणी राखून ठेवत नाही. तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही तर लिनक्सच्या लेखी तुमचा कॉल आणि लॉग झिप करणारी प्रोसेस सारखीच.

हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडा. जी.७११ या साध्या कोडेकमध्ये सेकंदाला ८,००० सॅम्पल, प्रत्येकी एक बाइट. २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट धरलं तर १६० बाइट आवाज, त्यावर आरटीपी (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल), यूडीपी, आयपी मिळून ४० बाइटचं हेडर. सेकंदाला ५० पॅकेटं. कॉलला दोन लेग (दोन टोकांकडचे दोन भाग) असतात, म्हणजे सर्व्हरवर १०० येतात, १०० जातात. ५०० कॉलना पन्नास हजार आत, पन्नास हजार बाहेर. बँडविड्थ भरते एका दिशेला जेमतेम ८० मेगाबिट, ती बघून सगळे निर्धास्त होतात. मेगाबिट बघू नका. या पन्नास हजारांपैकी प्रत्येक पॅकेट आपल्या वेळेवर निघायला हवं, हे बघा.

आता तो सापळा. एका ठिकाणी आमचे मीडिया सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची सोय) चालायचे. सोळा कोअरचं मशीन, कंटेनरला चार सीपीयूची मर्यादा. मॉनिटरिंगवर सीपीयू चाळीस टक्क्यांच्या वर जात नसे. पॅकेट लॉस शून्य. तरी सकाळी अकराला कॅम्पेनने वेग घेतला की तक्रारी सुरू: "मॅडम, बोलताना शब्द गिळला जातोय." नेटवर्कची टीम प्रोव्हायडरकडे बोट दाखवायची, प्रोव्हायडर आमच्याकडे.

"चार सीपीयूची मर्यादा" ऐकून वाटतं, चार कोअर आपले झाले. तसं नसतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) दर १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत त्या कंटेनरला ४०० मिलिसेकंदांचा सीपीयू-वेळ देतो. तो कितीही कोअरवर खर्च करा. संपला की खिडकी संपेपर्यंत कंटेनरमधल्या प्रोसेस थांबवल्या जातात. सगळ्या. आमच्या त्याच कंटेनरमध्ये, कॉल संपला की वेव्ह फाइलची एमपी३ करणारं एक स्क्रिप्ट होतं. पंधरा-वीस कॉल एका दमात संपले की तेवढी कन्व्हर्जन एकदम सुटायची आणि सोळाही कोअरवर पसरायची. ४०० भागिले १६. पंचवीस मिलिसेकंदांत कोटा खलास आणि उरलेले ७५ मिलिसेकंद मीडिया सर्व्हर गोठलेला. म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक कॉलची तीन-चार पॅकेटं अडली. पलीकडचा जिटर बफर (पॅकेटं थोडी साठवून ओळीने वाजवणारा भाग) चाळीस-साठ मिलिसेकंदांचा असेल तर उशिरा पोचलेली पॅकेटं तो फेकून देतो. असं दोन-तीन खिडक्या लागोपाठ झालं की "नाही चालणार" मधलं "नाही" जातं आणि विक्री करणाऱ्याला फक्त "चालणार" ऐकू येतं.

मिनिटाच्या सरासरीत याचा मागमूस नसतो. पगार पहिल्या आठवड्यात उडवून उरलेला महिना उपाशी काढणाऱ्याचा वर्षाचा सरासरी खर्च बघितला तर तो व्यवस्थितच दिसेल. आणि लॉस शून्य दिसायचं कारण असं की आमच्याकडून पॅकेट हरवतच नव्हतं, उशिरा निघत होतं. सिक्वेन्स नंबर ओळीने लागलेले. स्क्रिप्टला नाइस (प्राधान्य कमी करणारी लिनक्सची सोय) लावून पाहण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने कोटा वाचत नाही, कारण खर्च कोणीही केला तरी तो त्याच खात्यातून जातो.

हे पकडायचं कसं, ते नीट वाचा. सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या आरटीपीचा कॅप्चर त्याच मशीनवर, कंटेनरच्या बाहेर घ्या. वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या टूलमध्ये टेलिफोनी मेनूत आरटीपी स्ट्रीम अ‍ॅनालिसिस उघडा आणि डेल्टाचा (आधीच्या पॅकेटपासून किती मिलिसेकंद गेले त्याचा) रकाना वरून खाली वाचत जा. चांगल्या कॉलमध्ये २०.०१, १९.९८, २०.०३ अशी संथ चाल असते. बिघडलेल्या कॉलमध्ये २०, २०, मग अचानक ८१, त्याच्या पाठोपाठ ०.०५, ०.०४, ०.०४ आणि पुन्हा २०. सर्व्हर गोठला होता, उठला आणि साचलेलं एकदम बाहेर फेकलं. पॅकेट अजून वायरवर गेलेलंही नाही आणि घोळ इथेच दिसतोय, म्हणजे नेटवर्कवाल्यांशी भांडण संपलं. मग कंटेनरच्या सीग्रुपमधली (कर्नल ज्या गटात त्याचा हिशेब ठेवतो त्यातली) सीपीयू डॉट स्टॅट फाइल उघडा. त्यात किती वेळा थ्रॉटल झालं (कोटा संपून थांबवलं गेलं) याचा आकडा असतो. तो वाढताना दिसला की झालं.

आम्ही कन्व्हर्जन वेगळ्या कंटेनरमध्ये हलवलं, मीडियाच्या कंटेनरची मर्यादा काढली आणि त्याला ठरावीक कोअर बांधून दिले. कन्व्हर्जनला मात्र त्या कोअरवर फिरकू दिलं नाही. तक्रारी त्याच आठवड्यात थांबल्या.

याच जातीची इतर कारणंही माहीत असू द्या. व्हर्च्युअल मशीन असेल तर टॉप या कमांडमध्ये एसटीचा (हिरावलेल्या वेळेचा) आकडा बघा, शेजारचं मशीन तुमचा वेळ खातंय का ते तिथे कळतं. बायोसमधली वीज वाचवणारी सेटिंगं बंद करा. रेकॉर्डिंग थेट नेटवर्कवरच्या डिस्कवर लिहू नका. लिहिणं अडकलं आणि ते मीडियाच्याच थ्रेडमध्ये असलं की कॉलही अडकतो. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (पॅकेट आल्याच्या सूचना) एकाच कोअरवर येत असतील तर तो कोअर शंभर टक्के आणि बाकीचे मोकळे दिसतील. आता कळलं असेल की मी सरासरीवर एवढी का चिडते.

लोड टेस्टबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. "एसआयपीपीने हजार कॉल चालवले" असं कोणी म्हणालं (एसआयपीपी म्हणजे खोटे कॉल करणारं टेस्टचं टूल) की आधी विचारा, मीडियासकट की नुसतं सिग्नलिंग (कॉल लावणं-तोडणं)? नुसत्या सिग्नलिंगची टेस्ट या कामात काडीच्या उपयोगाची नाही. कॉलमधून आवाजही पाठवा, रेकॉर्डिंग चालू ठेवा, कॉल एकदम संपतील असेही काही फेरे घ्या. त्या गर्दीत एक खरा फोन लावा आणि कोणाच्या तरी आवाजात एक ते शंभर आकडे वाजवून पलीकडे रेकॉर्ड करा. गाळलेला आकडा कानाला लगेच कळतो. हेडफोन लावून ऐकण्याचा कंटाळा करणारा माणूस या कामात टिकलेला मी पाहिला नाही.

आणि कॉलची क्षमता कोडेक विचारल्याशिवाय मान्य करू नका. ए-लॉ (जी.७११ चा एक प्रकार) उलगडणं म्हणजे जवळपास तक्त्यात बघणं, सीपीयूला त्याचं काही वाटत नाही. जी.७२९ किंवा ओपसमध्ये कोडिंग करायला त्याच्या कितीतरी पट मेहनत लागते. दोन्ही टोकांना एकच कोडेक ठरवता आला तर निम्मी दुखणी येतच नाहीत. जी.७२९ वर कीपॅडचे टोन आवाजातच पाठवले तर ते बिघडतात आणि आयव्हीआर, म्हणजे कीपॅड ऐकणारं यंत्र, "१ दाबा" म्हणत बसतं. टोन टेलिफोन-इव्हेंट (आवाजाऐवजी 'हे बटण दाबलं' असं सांगणारी पॅकेटं) म्हणून वेगळे पाठवा. व्हॉइसबॉटवाल्यांसाठी एक: फोन लाइनवरचा ८ किलोहर्ट्‌झचा आवाज १६ वर नेला म्हणून तो सुधारत नाही. साधारण ३,४०० हर्ट्‌झच्या वरचं लाइनवरच कापलं गेलेलं असतं. मॉडेलला 'स' आणि 'फ' वेगळे कळत नसतील तर रिसॅम्पलरला दोष देऊ नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत बहुतेकांना पटत नाही. वेब पॅनेलवाली तयार डिस्ट्रो (सगळं आधीच जुळवलेला सॉफ्टवेअरचा संच) टाकून शिकायला सुरुवात करू नका. दोन तासांत फोन वाजतो आणि पुढे दोन वर्षं आत काय चाललंय ते कळत नाही. फ्रीस्विच हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर रिकाम्या मशीनवर टाका, त्यातला ९१९६ नंबर लावून स्वतःचा आवाज परत ऐका, आणि त्या एका कॉलचं पॅकेट न्‌ पॅकेट वाचा. गुरू शोधायचा तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला एखादा निवृत्त माणूस शोधा. कुबरनेटिस (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्यांना माहीत नसेल, पण त्यांचा पहिला प्रश्न "कोणाला ऐकू येत नाही, ह्याला की त्याला?" असा असतो, आणि तेवढ्या प्रश्नात अर्धं काम होतं. सर्टिफिकेटच्या क्लासला पैसे भरण्यापेक्षा अशा माणसाकडे दोन शनिवार जाऊन बसा.

गणिताला घाबरू नका. फूरिये, फिल्टर, इको कॅन्सलेशनचं आतलं गणित पहिल्या वर्षी लागत नाही. डिप्लोमा करून आलेल्या मुली माझ्या टीममध्ये उत्तम काम करतात. नेटवर्किंग कच्चं असेल तर मात्र आधी ते पक्कं करा. नॅटच्या (खासगी पत्ते सार्वजनिक पत्त्यात बदलणाऱ्या राउटरच्या) मागचा खासगी आयपी एसडीपीत गेला म्हणून एकतर्फी आवाज येतोय, हे ज्याला दहा मिनिटांत सापडत नाही त्याने प्रॉडक्शनला हात लावू नये. तो सराव घरी दोन लॅपटॉपवरही होतो.

नवीन ठिकाणी रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: मीडियाच्या प्रोसेसवर सीपीयूची मर्यादा आहे का, त्याच मशीनवर आणखी काय चालतं, रेकॉर्डिंग कुठे लिहिलं जातं, आणि पंचाण्णव टक्के पॅकेटांचा नव्हे तर सर्वांत वाईट डेल्टा कोण बघतं. शेवटच्याचं उत्तर "कोणीच नाही" असं आलं तर ते काम स्वतःकडे मागून घ्या.