फुटपाथवर झोपणाऱ्यांना थंडीत मदत करायचीय? ब्लँकेटच्या आधी पाठीखालचं बघा

डिसेंबर लागला की नागपुरात ब्लँकेट वाटप सुरू होतं. लोकांना द्यावंसं वाटतं हे चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री अकराला गाडीतून उतरायचं, झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट टाकायचं, फोटो काढायचा आणि निघायचं, याने त्या माणसाची निम्मी थंडीसुद्धा जात नाही. हे दर हिवाळ्यात तोंडी सांगून सांगून मी थकलेय म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

आपलं शहर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे त्यामुळे इथल्या थंडीला कोणी मनावर घेत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. असा दिवस क्वचित येतो, पण पारा दहाच्या खाली जाणं हे डिसेंबर-जानेवारीत नेहमीचंच आहे, आणि उपाशी, म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला उघड्यावर तेवढी थंडी पुरते.

१. आधी जागा बघून या

सामान न घेता जा. रेल्वे स्टेशन, टेकडी गणपतीचा रस्ता, मोर भवन, गणेशपेठ स्टँड, सीताबर्डीतल्या दुकानांच्या पायऱ्या, कॉटन मार्केट. मेयो आणि मेडिकल या सरकारी दवाखान्यांचा परिसर विसरू नका, तिथे गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा अशा लांबून आलेल्या पेशंटचे नातेवाईक झोपतात, त्यांना गावात घर असतं पण इथे अंथरूण नसतं. किती लोक आहेत, लहान मुलं आहेत का, वारा कुठून येतो, एवढं लिहून घ्या. झालं.

२. बोला, मग द्या

झोपलेल्या माणसाला हात लावून उठवू नका. रात्री साडेआठ-नऊला जा, तेव्हा लोक जागे असतात. थोडं लांब उभं राहून "बाबा, जेवण झालं का?" किंवा "मावशी, रात्री पाठीला गार लागतं का?" इतकं साधं विचारा, समोरचा हिंदीत बोलत असेल तर हिंदीत. बायका झोपतात तिथे ग्रुपमध्ये एक तरी बाई हवीच.

गाडी थांबली की काही लोक सामान उचलून पळतात. त्यामागे कारण आहे. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडून भिक्षेकरी गृहात नेतील ही भीती खरी आहे, त्यामुळे मोठी गाडी आणि चार-पाच माणसं एकदम उतरली की त्यांना तेच वाटतं. दोघं-तिघं जा, पायी जा. आणि फोटो नाही, म्हणजे नाहीच.

३. खालचा थर (इथेच बहुतेकांचं काम फसतं)

आता मुद्द्याचं. मला स्वतःला हे नीट जमायला बरेच हिवाळे लागले, आणि अजूनही नवीन लोक आले की त्यांचं सगळं लक्ष वरच्या ब्लँकेटवरच असतं.

ऊब ब्लँकेटमध्ये नसते, ती त्यात अडकलेल्या हवेत असते. तुम्ही दिलेलं जाडजूड ब्लँकेट तो माणूस अर्धं खाली आणि अर्धं वर घेतो, आणि खालचा भाग अंगाच्या वजनाने दाबला गेला की हवा निघून जाते, उरतं फक्त कापड. त्याखाली सिमेंट, पेव्हर ब्लॉक नाहीतर दुकानाच्या पायरीची ग्रॅनाइट, ती रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून दोन ब्लँकेटं अंगावर असूनही माणूस पहाटे चारला उठून बसलेला दिसतो. विचारा, तो सांगेल की पाठ आणि कंबर गार पडते. अशा माणसाला तिसरं ब्लँकेट देऊन काय होणार? त्याला खाली असं काहीतरी पाहिजे जे दाबलं गेलं तरी हवा धरून ठेवेल.

सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी वस्तू म्हणजे खोक्याचा पुठ्ठा, तो आतून नळ्या-नळ्यांचा असतो ना, तोच. साधा सपाट कागदी पुठ्ठा चालत नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशिनची खोकी सगळ्यात भारी, कारण एकाच तुकड्यात खांद्यापासून कंबरेच्या खालपर्यंत येतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी ती भंगारात जातात. एक थर पुरत नाही, कमीत कमी दोन घ्या, तीन असतील तर उत्तम. लहान खोकी जोडून करत असाल तर वरच्या थराचा जोड खालच्या जोडावर येऊ देऊ नका, भिंतीत विटा रचतात तसं सरकवून लावा, कारण जोडाच्या फटीतून बरोबर कंबरेलाच गार लागतं. पुठ्ठा कमी पडला तर पायाखालचा वगळा, खांदे आणि कंबर सोडू नका. पाय पिशवीवर नाहीतर गोणीवर ठेवता येतात.

पुठ्ठ्याचा शत्रू ओल. पहाटे दव पडतं, फरशीलाही ओल येते, आणि ओला पुठ्ठा कोरड्या फरशीपेक्षा वाईट. म्हणून सगळ्यात खाली जुना फ्लेक्स. लग्नाचे, वाढदिवसाचे, निवडणुकीचे फ्लेक्स काम झालं की पडूनच असतात, मागून घ्या. छापील बाजू खाली करा, पांढरी बाजू वर. फ्लेक्स पुठ्ठ्यापेक्षा मोठा असेल तर कडा खाली दुमडा, वर वळवल्या तर दवाचं पाणी आत साचतं.

पैसे असतील तर पुठ्ठ्याऐवजी पॅकिंगचा फोम घ्या, तो पांढरा हलका, टीव्ही-फर्निचरला गुंडाळलेला असतो तो. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात रोलमधून कापून मिळतो. बोटभर जाडीचा घ्या, पातळ असेल तर दुहेरी करा. पाणी पीत नाही, वजन जवळपास नाही, गुंडाळून खांद्याला लावता येतो. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्याकडे एका माणसामागे ठरावीक पैसे असतील तर आधी हा फोम घ्या आणि उरलेल्यात ब्लँकेट बसवा, उलटं करू नका. फक्त फोम शेकोटीजवळ नेऊ नका असं देताना सांगा, तो पटकन पेटतो आणि वितळून अंगाला चिकटतो.

थर्माकोल नको. अंगाखाली तुटतो, रात्रभर कुरकुरतो, दोन दिवसांत त्याचे गोळे रस्ताभर होतात. गादी पण नको, एकदा भिजली की वाळत नाही आणि सकाळी ती उचलून न्यायची कुठे? पोत्यात तणस (भाताचा पेंढा) भरून दिली तर ऊब जबरदस्त मिळते, पण ते फक्त एका जागी राहणाऱ्यासाठी, म्हणजे रात्रीचा राखणदार किंवा बंद दुकानाच्या ओट्यावर कायम झोपणारा. तिथेही ती उन्हात टाकावी लागते नाहीतर किडे होतात, आणि आगीची भीती आहेच.

आता रचना बघा, खालून वर: फ्लेक्स, मग पुठ्ठा किंवा फोम, त्यावर पोतं किंवा सतरंजी किंवा जुनी गोधडी, मग माणूस. पुठ्ठ्यावर थेट झोपू देऊ नका, घामाने तो मऊ पडतो.

आणि हे सगळं गुंडाळता आलं पाहिजे, ही गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात. सकाळी सहाला दुकानदार उठवतो, झाडूवाले येतात, मग पसारा दिसला की उचलून कचऱ्याच्या गाडीत जातो. पुठ्ठ्याला तीन घड्या पाडा. एक घडी एका बाजूने, दुसरी उलट्या बाजूने, बोथट सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने नुसती रेघ ओढायची, कापायचं नाही, म्हणजे तो पंख्यासारखा मिटतो. घडीच्या जागी बाहेरून चिकटपट्टी. वरून सुतळी नको, ती खांद्याला रुतते, जुन्या साडीचा किंवा ओढणीचा पट्टा बांधा. हे घरी करून न्या, रस्त्यावर अंधारात होत नाही.

जमलं की नाही हे कसं कळणार? घरातल्या उघड्या गच्चीवर नाहीतर पार्किंगच्या फरशीवर अंथरा आणि स्वतः पंधरा-वीस मिनिटं त्यावर झोपा. कंबरेला गार लागलं तर अजून एक थर वाढवा. जे तुमच्या कंबरेला चालत नाही ते सत्तरीच्या म्हाताऱ्याला चालेल असं समजू नका.

४. वरचं पांघरूण

सोलापुरी चादर अंगालगत चांगली, पण एकटी पुरत नाही. तिच्यावर लोकरीचं किंवा पानिपतचं ते राखाडी जुन्या लोकरीचं ब्लँकेट. घोंगडी मिळाली तर उत्तमच, थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. गुळगुळीत झगमगीत मिंक ब्लँकेट मी देत नाही. ते जड असतं, भिजलं की वाळत नाही आणि पहिल्या रात्रीच चोरीला जातं. कोणी दिलेलं विकलं तर रागावू नका, दिवसभर ठेवायला जागाच नसेल तर माणूस काय करणार. जवळच्या पानठेल्यावाल्याशी किंवा चहावाल्याशी बोलून दिवसा गाठोडं ठेवायची सोय करून द्या, याचा उपयोग नव्या ब्लँकेटपेक्षा जास्त होतो.

वरून प्लास्टिक गुंडाळायला सांगतात लोक. नको. श्वासाचं आणि घामाचं पाणी आतच राहतं, पहाटे पांघरूण आतून ओलं. प्लास्टिक अंगाखाली, किंवा वाऱ्याच्या बाजूला आडोसा म्हणून.

५. कानटोपी, मोजे, खाणं

द्या. मोजे दोन जोड, म्हणजे एक वाळत घालता येतो. झोपायच्या आधी गरम जेवण, त्यात तेल-तूप असलेलं बरं.

६. शेकोटी

उघड्यावर, लाकडाची, अंथरुणापासून लांब. टायर आणि प्लास्टिक जाळू नका. बंद शटरच्या आत, टपरीत किंवा ताडपत्रीच्या तंबूत निखाऱ्याची पाटी ठेवून झोपणं म्हणजे जीवाशी खेळ आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दारूने ऊब येते हा पण गैरसमज. कातडीकडे रक्त जास्त येतं म्हणून गरम वाटतं आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. प्यायलेला माणूस दिसला तर भाषण देऊ नका, त्याच्या खाली पुठ्ठा आधी सरकवा, त्याला जास्त गरज आहे.

७. निवारा केंद्र

मोठ्या शहरांत दर एक लाख लोकांमागे एक निवारा असावा असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय आणि आपल्या मनपाची बेघर निवारा केंद्रं आहेत. नुसता पत्ता सांगू नका. आधी चौकशी करा की आज जागा आहे का, किती वाजेपर्यंत आत घेतात, बायकांची वेगळी सोय आहे का, आधार कार्ड मागतात का, नवरा-बायकोला एकत्र ठेवतात का. मग सोबत जा. हातगाडी, कुत्रा किंवा पहाटे चारला मार्केटमध्ये हमाली, अशा कारणांनी कोणी नाही म्हणालं तर जबरदस्ती नको. एकटं लहान मूल दिसलं तर १०९८, आणि निराधार म्हाताऱ्यांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन लावा.

८. धोका ओळखा

थंडीने कुडकुडणारा माणूस अजून लढतोय. कुडकुडणं थांबलं, बोलणं जड झालं, तोल जातोय, विचारलेलं कळत नाही, कातडी गार पडलीय, तर शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. लोक याला "पिऊन पडलाय" म्हणून पुढे जातात आणि तिथेच जीव जातो. लगेच १०८ लावा. तोपर्यंत ओले कपडे काढा, खाली पुठ्ठा, अंगावर कोरडं पांघरूण, छाती आणि काखेजवळ कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. हातपाय चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका, उठवून चालवू नका. गोड गरम चहा फक्त पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच.

९. परत जा

एकदा देऊन संपत नाही. पुठ्ठा आठ-दहा दिवसांत दबतो, आणि जानेवारीत एक अवकाळी सर आली की त्याच रात्री बदलावा लागतो. हवामानाचा अंदाज बघत राहा, पाऊस किंवा थंडीची लाट सांगितली असेल तर आदल्या संध्याकाळी निघा. त्याच लोकांकडे जा, अंथरुणाखाली हात घालून ओल बघा, काय टिकलं काय चोरीला गेलं ते विचारा, आणि पुढच्या खेपेला किती फ्लेक्स, किती पुठ्ठे लागतील ते तिथेच उभं राहून लिहून घ्या.